नादाराची मालमत्ता ज्याच्या हातात, त्याचा जामीन कुठंय?

नाशिकमध्ये एखाद्याचं दिवाळं निघालं की महिनाभर गावाला दुसरा विषय नसतो. किती जणांचे बुडवले, गाडी विकली का, बंगला बायकोच्या नावावर आहे का, सगळं लोकांना तोंडपाठ असतं. पण पुढं कोर्टाने त्याला नादार ठरवलं आणि त्याचं जे काही उरलंय ते रिसीव्हरच्या, म्हणजे ती मालमत्ता सांभाळायला कोर्टाने नेमलेल्या माणसाच्या, ताब्यात गेलं, की त्या रिसीव्हरबद्दल कुणी एक प्रश्न विचारत नाही. त्याने काय जामीन दिलाय, उद्या त्याच्या हातून पैसे गेले तर कोण भरून देणार, हे कुणाला माहितीच नसतं. मी छोट्या कारखानदारांचे आणि व्यापाऱ्यांचे हिशोब लिहितो, सातपूर-अंबडला माझी बरीच गिऱ्हाईकं आहेत, आणि त्यातल्या ज्यांचे पैसे दुसऱ्याच्या दिवाळखोरीत अडकले त्यांच्या फायली मी बघितल्यात. माझं मत पक्कं झालंय की नादाराची मालमत्ता सांभाळणाऱ्या माणसाकडून, मग तो वकील असो, सीए असो की अजून कुणी, त्या मालमत्तेच्या किमतीएवढा बॉन्ड, म्हणजे पैसे गेले तर जामीनदार भरून देईल अशी लेखी हमी, सक्तीने घेतलाच पाहिजे, आणि तो दिल्याशिवाय गोडाऊनची चावी त्याच्या हातात पडता कामा नये.

आधी कायदा काय म्हणतो ते बघू, कारण बऱ्याच जणांना वाटतं २०१६ ला नवीन कोड आला म्हणजे जुनं सगळं गेलं. तसं नाहीये. इन्सॉल्व्हन्सी अँड बँकरप्सी कोड, ज्याला सगळे आयबीसी म्हणतात, त्याचा तिसरा भाग व्यक्ती आणि भागीदारी फर्मसाठी लिहिलाय, पण तो १ डिसेंबर २०१९ पासून फक्त कंपनीच्या कर्जाला स्वतःची गॅरंटी देणाऱ्या लोकांपुरता सुरू केलाय. बाकी साधा दुकानदार, ट्रान्सपोर्टवाला, एकट्याच्या नावावर युनिट चालवणारा माणूस, यांच्यासाठी इंग्रजांच्या काळातलेच दोन कायदे अजून चालतात. मुंबई, कोलकाता, चेन्नई या शहरांना १९०९ चा, आणि आपल्या नाशिकसारख्या बाकी भागाला १९२० चा प्रोव्हिन्शियल इन्सॉल्व्हन्सी अ‍ॅक्ट. किती जुना आहे ते यावरून समजेल की त्यात ५०० रुपयांच्या कर्जावर नादारीचा अर्ज करता येतो, आणि नादाराकडे काम करणाऱ्या नोकराच्या थकलेल्या पगाराला जो अग्रक्रम दिलाय तो सगळा मिळून २० रुपयांपर्यंतच आहे. आज २० रुपयांत सीबीएसवर, आपल्या मध्यवर्ती बसस्थानकावर, चहा आणि बिस्किटाचा पुडासुद्धा जेमतेम येतो.

या १९२० च्या कायद्यातलं कलम २८ माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं आहे. नादार ठरवल्याचा हुकूम झाला की त्या माणसाची सगळी मालमत्ता कोर्टाकडे किंवा रिसीव्हरकडे जाते, दिवाणी कायद्याने जप्तीतून वगळलेल्या गोष्टी तेवढ्या सोडून, म्हणजे शेतकऱ्याचं राहतं घर, कारागिराची अवजारं वगैरे. आणि त्याच वेळी ज्याच्याकडे काही तारण नाही अशा घेणेकऱ्याचे हात बांधले जातात, कोर्टाची परवानगी घेतल्याशिवाय त्याला त्या नादारावर वेगळा दावा लावता येत नाही. यामागचं कारण चांगलं आहे, नाहीतर जो आधी धावला त्याने सगळं उचललं आणि मागच्यांना काही उरलं नाही असं होईल, त्यामुळे सगळ्यांनी रांगेत या, सगळ्यांना प्रमाणात मिळेल, हे बरोबरच आहे. पण याचा अर्थ नीट लक्षात घ्या. कायदा नादाराला म्हणतो तुझं तुझ्याकडून काढून घेतलं, घेणेकऱ्याला म्हणतो तू स्वतः वसुलीला जायचं नाहीस, आणि दोघांचं सगळं एका तिसऱ्या माणसाच्या हातात देतो, ज्याला या दोघांपैकी कुणी निवडलेलं नसतं. एवढं सगळं केल्यावर त्या तिसऱ्या माणसाची हमी घेणं ही कायद्याचीच जबाबदारी होते ना?

आणि तिथेच कायदा ढिला पडतो. कलम ५६ मध्ये रिसीव्हरच्या नेमणुकीची तरतूद आहे, त्याच्या पोटकलम २ मध्ये लिहिलंय की जे हाती येईल त्याचा बरोबर हिशोब देण्यासाठी कोर्ट रिसीव्हरला योग्य वाटेल ते तारण, म्हणजे बॉन्डसारखी हमी, द्यायला लावू शकतं. लावू शकतं, म्हणजे लावलं तर लावलं. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ४० मध्ये रिसीव्हरची कर्तव्यं दिलीयेत तिथंही हाच प्रकार, कोर्टाला वाटलं तर तारण. त्यामुळे सगळं त्या दिवशी कोर्टात कोण उभं आहे आणि कुणी मागणी केली का यावर राहतं, आणि छोट्या घेणेकऱ्याचा वकील त्या तारखेला बहुतेक वेळा हजर नसतो कारण छोट्या घेणेकऱ्याला त्या तारखेचं महत्त्वच कुणी सांगितलेलं नसतं.

आता समजा अंबडला एकाचं खोक्यांचं युनिट आहे, द्राक्ष एक्स्पोर्टवाल्यांना कोरुगेटेड बॉक्स देतो. प्लॉट बँकेकडे गहाण, तो बँक बघून घेईल. उरलं काय, तर दोन मशीन, क्राफ्ट पेपरचे रोल, एक पिकअप, थोडं तयार खोक्यांचं स्टॉक, आणि दिंडोरी-पिंपळगावकडच्या व्यापाऱ्यांकडून येणारी ४० लाखांची उधारी. सगळं मिळून ७० लाख धरू. यावर नजर ठेवून बसलेत कागदवाला, शाईवाला, टेम्पोवाला, तीन महिन्यांचा पगार अडकलेले बारा कामगार, आणि ज्याने हात उसने ५ लाख दिलेत तो मेहुणा.

रिसीव्हर आला. यादी करताना पहिलीच गळती लागू शकते, रोल किती होते आणि यादीत किती आले हे नंतर कोण सांगणार, कारखाना बंद आहे, वॉचमन निघून गेलाय. मशीनची मोटर, केबलमधलं तांबं, हे पहिल्या महिन्यातच कमी होतं. मग उधारीची वसुली, आणि हीच सगळ्यात धोक्याची जागा, कारण मशीन तरी डोळ्याला दिसतं, उधारी दिसत नाही. एखाद्या व्यापाऱ्याकडे ६ लाख येणं आहे, रिसीव्हर म्हणाला माल खराब निघाल्याचा वाद होता म्हणून ३ लाखांत मिटवलं, तर ते खरंच ३ लाखांचं प्रकरण होतं की वरचे काही कुठे गेले हे शाईवाल्याला कधीच कळणार नाही. मग लिलाव. जाहिरात कुठल्या पेपरात आली, बोली लावायला किती जण आले, घेणारा कुणाचा कोण. आणि मग आलेले पैसे कोर्टात जमा व्हायच्या आधी किती दिवस कुणाच्या खात्यात पडून राहिले. प्रत्येक पायरीवर माणूस प्रामाणिक असेल तर काहीच प्रॉब्लेम नाही आणि बहुतेक रिसीव्हर प्रामाणिक असतातही, मी हे मनापासून म्हणतोय, कमी पैशात, किचकट काम, दोन्हीकडून शिव्या खाऊन करणारे वकील मी बघितलेत. पण व्यवस्था सगळ्यांत वाईट माणूस आला तर काय होईल हे धरून बांधायची असते.

आपल्या जिल्ह्यात ही गोष्ट कुणाला नवीन वाटायला नको. लासलगावला, पिंपळगावला, उमराण्याला कांदा घेणाऱ्या व्यापाऱ्याला बाजार समिती लायसन देताना बँक गॅरंटी किंवा डिपॉझिट मागते. का मागते? कारण शेतकरी ट्रॅक्टर घेऊन येतो, लिलाव होतो, माल व्यापाऱ्याच्या खळ्यावर उतरतो, आणि पैसे मिळेपर्यंत शेतकऱ्याकडे एका चिठ्ठीशिवाय काही नसतं. त्या मधल्या वेळेतली जोखीम शेतकऱ्याने एकट्याने उचलायची नाही हे तत्त्व बाजार समितीने मान्य केलंय. आणि जिथं ही गॅरंटी नाही तिथं काय होतं तेही आपण बघतो, द्राक्षाचा व्यापारी थेट बागेवर येतो, ॲडव्हान्स देतो, पहिल्या दोन गाड्यांचे पैसे वेळेवर देतो, आणि मग शेवटच्या गाड्या घेऊन गायब होतो. दरवर्षी सीझनला निफाड, दिंडोरी, चांदवडकडून अशा तक्रारी पोलिसांकडे जातात, कारण बागेवरच्या सौद्याला बाजार समितीची गॅरंटी लागत नाही.

बाजार समितीच्या अनुभवातून अजून एक गोष्ट शिकायची आहे आणि ती बॉन्डच्या बाबतीत फार महत्त्वाची आहे. गॅरंटी असूनही शेतकऱ्यांचे पैसे बुडालेत अशी तक्रार आपल्याकडे होतच असते, कारण गॅरंटी काही लाखांची आणि व्यापारी एका आठवड्यात माल घेतो त्याच्या कितीतरी पट. गॅरंटीचा आकडा एकदा ठरवला आणि धंदा वाढला तरी तोच राहिला, किंवा मुदत संपली आणि रिन्यू केलीये का हे कुणी बघितलंच नाही, तर ती गॅरंटी कागदावरच राहते. म्हणून रिसीव्हरचा बॉन्ड घ्यायचा तर तो मालमत्तेच्या आकड्याला बांधलेला हवा, मालमत्ता जास्त निघाली की बॉन्ड वाढवायचा, आणि केस संपून हिशोब मंजूर होईपर्यंत तो संपता कामा नये. ५ हजारांचा जातमुचलका घेऊन ७० लाखांची चावी देणं म्हणजे न घेतल्यासारखंच आहे.

दुसरं एक उदाहरण याच जिल्हा कोर्टातलं. एखादी बाई विधवा झाली, नवऱ्याने मृत्युपत्र केलं नव्हतं, आणि त्याच्या मालमत्तेसाठी तिला लेटर्स ऑफ अ‍ॅडमिनिस्ट्रेशन (मालमत्तेचा कारभार बघायचं कोर्टाचं अधिकारपत्र) घ्यायची वेळ आली, तर भारतीय उत्तराधिकार कायदा १९२५ च्या कलम २९१ प्रमाणे तिला जामीनदारासह बॉन्ड द्यावाच लागतो, तिथं कोर्टाला वाटलं तर अशी भाषा नाहीये. सक्सेशन सर्टिफिकेटच्या, म्हणजे मेलेल्या माणसाची येणी वसूल करायच्या वारस दाखल्याच्या, बाबतीतही कलम ३७५ खाली बॉन्ड मागता येतो आणि काही प्रकारांत मागावाच लागतो. म्हणजे स्वतःच्या नवऱ्याचे पैसे घ्यायला आलेल्या बाईने जामीनदार शोधायचा, नातेवाइकांच्या दारात जायचं, त्यांचे सातबारे आणि पगारपत्रकं गोळा करायची, आणि जो माणूस पूर्ण परक्या माणसांच्या पैशांचा ताबा घेतोय त्याला ते कोर्टाच्या मर्जीवर. ही विसंगती मला खरंच खूप लागते. बाईकडून बॉन्ड घेऊ नका असं मी म्हणत नाहीये, तिच्या दिराचे किंवा सासूचे हक्क असू शकतात, पण मग त्याच न्यायाने इथं तर दहा वेळा घेतला पाहिजे.

बाहेर देशांत हे कसं चालतं ते थोडक्यात सांगतो. अमेरिकेत बँकरप्सी कोडच्या कलम ३२२ प्रमाणे ट्रस्टी म्हणून, म्हणजे आपल्या रिसीव्हरसारख्या कामावर, नेमलेल्या माणसाने ७ दिवसांच्या आत बॉन्ड भरला नाही तर तो ट्रस्टी म्हणून पात्रच ठरत नाही, आणि बॉन्ड किती रकमेचा आणि जामीनदार कंपनी पुरेशी आहे का हे न्यायखात्याचा एक वेगळा अधिकारी ठरवतो. ट्रस्टी मोकळा झाल्यावर २ वर्षांपर्यंत त्या बॉन्डवर दावा करता येतो. ब्रिटनमध्ये इन्सॉल्व्हन्सी अ‍ॅक्ट १९८६ ने अट घातली आणि २००५ च्या नियमांनी आकडे ठरवून दिले, दिवाळखोरीची कामं करणाऱ्या प्रत्येक परवानाधारक प्रॅक्टिशनरचा एक सर्वसाधारण बॉन्ड अडीच लाख पौंडांचा, आणि त्याशिवाय प्रत्येक केसला त्या केसमधल्या मालमत्तेच्या अंदाजे किमतीएवढं वेगळं संरक्षण, कमीत कमी ५ हजार पौंड आणि जास्तीत जास्त ५० लाख पौंड. मालमत्ता अंदाजापेक्षा जास्त निघाली तर वाढवायचं. मला ब्रिटनची ही दोन थरांची पद्धत आवडते, कारण त्यात छोटी केस आणि मोठी केस एका मापाने मोजली जात नाही. आणि सरकारी नोकर असलेल्या ऑफिशियल रिसीव्हरला तिथं ही अट नाही, ते पण समजण्यासारखं आहे कारण त्याच्यामागे सरकार उभं असतं.

आपला आयबीसी नवीन आहे, त्यात इन्सॉल्व्हन्सी प्रोफेशनलची, म्हणजे हे काम करणाऱ्या व्यावसायिकाची, परीक्षा आहे, नोंदणी आहे, आचारसंहिता आहे, तक्रार झाली तर या कोडखालच्या नियामक बोर्डाकडून चौकशी आहे, नुकसानीच्या तिप्पट दंडापर्यंतची तरतूद आहे. हे सगळं जुन्या कायद्यापेक्षा फार पुढचं आहे. पण बँकरप्सी ट्रस्टीने प्रत्येक केसला मालमत्तेच्या प्रमाणात बॉन्ड भरावा अशी सक्ती त्यातही केलेली नाही. दंड झाला तर चांगलंच आहे, पण दंड त्या माणसाकडे पैसे असतील तर वसूल होणार, आणि दंड व्हायला जी वर्षं लागणार तोपर्यंत शाईवाल्याने आपलं दुकान कसं चालवायचं? शिक्षा आणि भरपाई या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १९२० च्या कायद्यातसुद्धा रिसीव्हरने हिशोब दिला नाही, पैसे भरले नाहीत, किंवा मुद्दाम वा घोर निष्काळजीपणाने नुकसान केलं तर त्याची स्वतःची मालमत्ता जप्त करून विकायची सोय आहेच. पण त्याचा अर्थ परत एक जप्ती, परत एक लिलाव, परत तारखा, आणि तोपर्यंत त्याच्या नावावर काही राहिलेलं असेल याची काय गॅरंटी? बॉन्डचा फायदा हाच की पैसे आधी जामीनदार कंपनी देते, आणि मग त्या माणसाच्या मागे कोर्टात ती कंपनी फिरते, टेम्पोवाला फिरत नाही.

इथं एक गोंधळ बरेच जण करतात, वकील मित्रसुद्धा. ते म्हणतात प्रोफेशनल इंडेम्निटी इन्शुरन्स घ्यायला लावा, झालं काम. पण तो इन्शुरन्स चुकीसाठी असतो, म्हणजे मुदत चुकली, मूल्यांकन चुकलं, नोटीस द्यायची राहिली. विमा घेणाऱ्यानेच लबाडी केली तर साधारणपणे अशी पॉलिसी पैसे देत नाही. लबाडीसाठी बॉन्डच लागतो. दोन्ही वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि मोठ्या केसमध्ये दोन्ही असाव्यात असं मला वाटतं, पण एकच निवडायची वेळ आली तर आधी बॉन्ड.

आता यावर जे आक्षेप घेतले जातात त्यातला सगळ्यात वजनदार आक्षेप खर्चाचा आहे, आणि तो मी टाळणार नाही. बॉन्डचा प्रीमियम शेवटी नादाराच्या मालमत्तेतूनच जाणार, म्हणजे घेणेकऱ्यांच्याच खिशातून. वर सांगितलेल्या ७० लाखांच्या केसमध्ये समजा वर्षाला १ टक्का प्रीमियम धरला तर ७० हजार झाले, केस चार वर्षं चालली तर २ लाख ८० हजार. ही रक्कम छोटी नाही, बारा कामगारांत वाटली तर एकेकाला २३ हजार येतात. पण यावर उपाय आहेत. जसजशी मालमत्ता विकली जाईल आणि पैसे कोर्टात जमा होतील तसतशी रिसीव्हरच्या हातातली रक्कम कमी होते, त्याप्रमाणात बॉन्ड कमी करत जायचा. म्हणजे रिसीव्हरलाच घाई होईल की पैसे लवकर कोर्टात भरावेत, आणि हा मला बॉन्डच्या मूळ फायद्याइतकाच मोठा फायदा वाटतो. दुसरं म्हणजे २-३ लाखांच्या लहान केसला वेगळा बॉन्ड मागू नये, तिथं सगळी वसुली थेट कोर्टाच्या खात्यात आणि रिसीव्हरला रोख घ्यायची बंदी, एवढं केलं तरी पुरे. तिसरं, जिल्ह्यात रिसीव्हरचं पॅनेल करून सगळ्यांचा एकत्र बॉन्ड घ्यावा, अमेरिकेत असे एकत्र बॉन्ड चालतात आणि त्याने खर्च वाटला जातो.

दुसरा आक्षेप असा की कोर्टाचं लक्ष असतंच. कोर्टाबद्दल पूर्ण आदर ठेवून सांगतो, कोर्टाला तेच दिसतं जे त्याच्यासमोर ठेवलं जातं. दिवाणी न्यायाधीशांसमोर रोज किती मॅटर असतात ते कुठल्याही दिवशी बोर्डवर जाऊन बघा. क्राफ्ट पेपरचे रोल मोजायला न्यायाधीश अंबडला येऊ शकत नाहीत. जामीनदार कंपनी मात्र स्वतःचे पैसे अडकलेत म्हणून विचारणार, या माणसाचं आधीचं रेकॉर्ड काय, हिशोब वेळेवर देतो का, आणि ज्याला कुठलीच कंपनी बॉन्ड द्यायला तयार नाही त्याच्याकडे चावी द्यायची की नाही हे कोर्टालाही आपोआप कळेल.

तरुण वकिलांचं काय, त्यांना कोण बॉन्ड देणार, असंही म्हणतात. पूर्वी याला उत्तर नव्हतं हे मान्य आहे, कारण बॉन्ड म्हणजे एकतर बँक गॅरंटी, ज्यासाठी बँक तेवढंच तारण मागते, नाहीतर ओळखीचा जामीनदार. पण विमा नियामक आयआरडीएआयने २०२२ मध्ये शुअरिटी इन्शुरन्सचे, म्हणजे विमा कंपनीनेच जामीनदार व्हायचे, नियम आणले, १ एप्रिल २०२२ पासून ते लागू झाले, आणि विमा कंपन्यांना जे बॉन्ड देता येतील त्यात कस्टम्स आणि कोर्ट बॉन्ड हा प्रकार नाव घेऊन टाकलाय. आज या कंपन्यांचं लक्ष रस्ते आणि बांधकामाच्या टेंडरवर जास्त आहे कारण मागणी तिथंच आहे. कोर्टाने बॉन्ड मागायला सुरुवात केली तर हा बाजार तयार होईल, मागितलाच नाही तर कुठली कंपनी त्यासाठी पॉलिसी बनवणार?

आणि ज्याचं दिवाळं निघालं त्या माणसाबद्दल पण बोललं पाहिजे, कारण या सगळ्यात त्याचा विचार सगळ्यात शेवटी होतो. आपल्याकडे नादार म्हणजे चोर असं धरूनच लोकं बोलतात. पण अवकाळी, गारपीट, एक्स्पोर्ट बंदी, एका मोठ्या पार्टीने हात वर केले, अशा कारणांनी सरळ धंदा करणारी माणसंसुद्धा बुडालीत, या जिल्ह्यात अशांची संख्या थोडी नाहीये. कायद्याच्या कलम ६७ प्रमाणे सगळ्यांची देणी, व्याज आणि खर्च भागून काही उरलं तर ते त्याला परत मिळायचा हक्क आहे. शिवाय त्याची मालमत्ता नीट विकली गेली तर त्याच्या डोक्यावरचं देणं तेवढं फिटतं, गावात मान वर करून फिरायला तेवढी जागा होते. त्याची ६ लाखांची उधारी ३ लाखांत मिटली तर उरलेल्या ३ लाखांचा डाग त्याच्याच नावावर राहतो. म्हणजे रिसीव्हरचा बॉन्ड त्याच्यासाठी पण आहे.

हाच विचार थोडा पुढं नेला तर बंद पडलेल्या पतसंस्थांवर येतो. सहकार कायद्याखाली तिथं अवसायक, म्हणजे संस्थेची मालमत्ता विकून देणी भागवणारा माणूस, बसतो, ठेवीदार वर्षानुवर्षं हेलपाटे मारतात. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा आहे, सहकारी बँकेलाही आहे, पण पतसंस्थेच्या ठेवीदाराला तो नाही, त्याच्यासाठी अवसायकाच्या हातातली मालमत्ता हेच सगळं काही. तिथं खाजगी माणूस अवसायक म्हणून नेमला असेल तर त्याच्याकडूनही असाच बॉन्ड घेतला पाहिजे. हा विषय मोठा आहे, त्यावर वेगळं लिहायला लागेल.

हे सगळं करायला संसदेची वाट बघायची गरज नाही हे मला मुद्दाम सांगायचंय. कलम ५६ मधला तारणाचा अधिकार नियमांनी घातलेल्या अटींच्या अधीन आहे, आणि कलम ७९ प्रमाणे हे नियम उच्च न्यायालय राज्य सरकारची मंजुरी घेऊन करू शकतं, रिसीव्हरची नेमणूक, मोबदला आणि त्यांच्या हिशोबाचं ऑडिट हे विषय तर त्या कलमात स्पष्ट लिहिलेत. म्हणजे मुंबई उच्च न्यायालयाने नियम केला आणि मंत्रालयाने सही केली की महाराष्ट्रातल्या जिल्ह्यांत बॉन्डची अट येऊ शकते. निमा, आयमा या कारखानदारांच्या संघटना, व्यापारी संघटना, बार असोसिएशन, यांनी एकत्र एक निवेदन दिलं पाहिजे. निवेदनात आकडे ठरवून मागा, मोघम नको, ठराविक रकमेच्या वर मालमत्तेच्या किमतीएवढा शुअरिटी बॉन्ड, नेमणुकीपासून ठराविक दिवसांत भरला नाही तर नेमणूक आपोआप रद्द, दर सहा महिन्यांनी हिशोब आणि त्याची प्रत प्रत्येक घेणेकऱ्याला, आणि रिसीव्हरने पैसे गिळल्याचं कोर्टाने प्रमाणित केलं की विमा कंपनीने वाद न घालता रक्कम भरायची.

नियम होईपर्यंत जे आज हातात आहे ते तरी वापरा. तुमचे पैसे कुणाच्या नादारीत अडकले असतील तर रिसीव्हरच्या नेमणुकीच्या तारखेला आपला वकील हजर ठेवा, एकट्याला परवडत नसेल तर पाच-सात जणांनी मिळून एक वकील करा, आणि त्याच दिवशी लेखी अर्ज द्या की रिसीव्हरकडून मालमत्तेच्या अंदाजे किमतीएवढं तारण घ्यावं, यादी करताना घेणेकऱ्यांचा एक माणूस हजर असावा, आणि आलेली प्रत्येक रक्कम ठराविक दिवसांत कोर्टात जमा व्हावी. नेमणूक आधीच झाली असेल तरी तारणाचा अर्ज करून बघा, हिशोबाची मागणी तर कधीही करा. वकील म्हणाला की असं आपल्याकडे कुणी मागत नाही, तर १९२० च्या कायद्याचं कलम ५६, पोटकलम २ काढून त्याच्यासमोर ठेवा आणि अर्ज टाईप करायला सांगा.